कोणी हाकललं नाही, तरी कोकणातले बेने इस्रायली गेले का?

आक्षी_नागाव

देश सोडून जाणाऱ्यांचा विषय निघाला की चर्चा दोनच खुंट्यांभोवती फिरते: पोट नाहीतर जिवाची भीती. आयर्लंडात १८४५ नंतर बटाट्याचं पीक सलग कुजलं, लाखो माणसं अमेरिकेच्या बोटीत बसली. सिंधी लोक १९४७ ला घरदार टाकून निघाले, कारण थांबणं शक्य नव्हतं. ही उदाहरणं खरी आहेत, पण आमच्या अलिबागेतून जे लोक गेले त्यांना यांतलं एकही कारण धड लागू पडत नाही. म्हणून हा धागा.

बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, इथे नेमके कधी आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यांची स्वतःची कथा अशी, की नवगावजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांना तिथेच मूठमाती दिली. ती जागा नवगावला आजही आहे, स्मारकही आहे. पुढे हे लोक तेलाचे घाणे चालवू लागले. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारपर्यंत त्यांचा धर्माने नेमलेला विसाव्याचा दिवस. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, झिराडकर, दिवेकर, केहीमकर, चेऊलकर. बोली आपलीच. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठीत छापला गेला, १८४६ ला मुंबईत आणि १८७४ ला पुण्यात.

अठराव्या शतकात यांतली काही घरं मुंबईत गेली. मांडवीचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६ चं, सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं. पुढे या समाजाचे डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले, डॉ. जेरुशा झिराड यांना पद्मश्री मिळाली, आणि सिनेमातले डेव्हिड तर घराघरात माहीत. म्हणजे समाज कोपऱ्यात ढकललेला नव्हता. कोणी त्यांची घरं जाळली नाहीत, दुकानं लुटली नाहीत. तरी स्वातंत्र्याच्या वेळी साधारण वीस हजारांच्या घरात असलेला हा समाज पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतांशी इस्रायलला गेला. आज भारतातले सगळे ज्यू धरून चार-पाच हजार भरतात.

का गेले? माझं मत मांडतो, मग तुम्ही बोला.

पहिले गेले ते श्रद्धेने. वल्हांडणाच्या शेवटी 'पुढल्या वर्षी यरुशलेमात' असं पिढ्यान् पिढ्या म्हणत आलेल्या माणसाला १४ मे १९४८ ला खरोखरचं राष्ट्र मिळालं. दुसरे गेले ते नोकरीच्या काळजीने. इंग्रजांच्या राज्यात रेल्वे, पोस्ट, कस्टम, पलटण इथे या समाजाची मुलं सहज लागत. साहेब गेल्यावर आपल्या मुलांना कोण विचारणार, ही धास्ती होती. ती कितपत खरी होती हा वेगळा प्रश्न, पण माणूस धास्तीवरही निर्णय घेतो.

माझ्या मते सगळ्यात मोठा गट तिसरा. हे लोक गेले, कारण आधीचे गेले होते.

सामुदायिक प्रार्थनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असतील तर प्रार्थनेचे काही भाग म्हणताच येत नाहीत. आता एखाद्या गावात बारा-पंधरा घरं आहेत असं धरा. त्यातली निम्मी कर्ती माणसं आधीच मुंबईला नोकरीत. चार घरं इस्रायलला गेली की शनिवारी दहा जण भरत नाहीत. मग सणालाही भरत नाहीत. जनावर विधीप्रमाणे कापणारा गेला की मटण बंद. सुंता करणारा गेला की मूल झाल्यावर मुंबईहून माणूस आणायचा. आणि लग्न! समाजातच करायचं तर स्थळं उरली कुठे? जो राहिला त्याच्या घरादाराला, पगाराला काहीच झालं नव्हतं. पण ज्यू म्हणून जगायला जी माणसं लागतात तीच निघून गेली होती. मागे राहणं रोज थोडं महाग होत गेलं आणि एक दिवस परवडेनासं झालं.

स्थलांतराच्या चर्चेत हे कारण फार कमी येतं, कारण ते पहिल्या जाणाऱ्याला लागू पडत नाही. पण शेवटच्या जाणाऱ्याला विचारा.

अलिबागच्या इस्राएल आळीतलं आमचं घर आजोबांनी अशाच एका कुटुंबाकडून साठच्या दशकात घेतलं. पुढच्या दाराच्या उजव्या चौकटीवर खांद्याच्या उंचीला बोटभर लांबीची खाच आहे, तिच्या वर-खाली खिळ्यांची भोकं. तिथे त्यांची मेझुझा होती, म्हणजे धर्मवचन लिहिलेली गुंडाळी ठेवायची नळी. जाताना ती त्यांनी काढून नेली. दर रंगकामाला रंगारी ती खाच पुट्टीने बुजवायला बघायचा आणि दर वेळी आजी त्याला थांबवायची. ज्यांच्याकडून घर घेतलं त्या बाईंशी तिची शेजारणीची मैत्री होती. त्या का जातायत हे आजीने विचारलं होतं. 'आता आम्ही तीनच घरं उरलो,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

पेणचे_पोहे

फार आवडलं. एक भर घालतो. भीती अजिबात नव्हती असं म्हणता येणार नाही, कारण हा समाज कराचीतही होता. रेल्वे आणि सरकारी नोकऱ्यांमुळे कोकणातली कुटुंबं तिकडे गेली होती. कराचीचं मागेन शालोम सिनेगॉग १८९३ ला सॉलोमन डेव्हिड उमेरडेकर यांनी बांधलं, आडनावावरूनच कळेल माणूस कुठला. फाळणीनंतर तिकडचे लोक निघाले, काही मुंबईत आले, काही पुढे इस्रायलला गेले. १९८८ मध्ये ते सिनेगॉग पाडलं. मुंबईत नातेवाइकांकडे ही कुटुंबं येऊन राहिली तेव्हा त्यांनी जे सांगितलं असेल, त्याचा परिणाम इथल्यांवर झाला नसेल? इथे काही झालं नाही, पण उद्या होणार नाही याची हमी कोण देणार, असं वाटणं साहजिक आहे.

ठाणेकर७२

लेख चांगला आहे, पण मला तिसरं कारण पटत नाही. म्हणजे ते आहे, पण मूळ नाही. मूळ कारण आर्थिक. ज्यूंना इस्रायलला नेऊन वसवणाऱ्या ज्यूइश एजन्सीचं कार्यालय मुंबईत होतं, प्रवासखर्च तिकडून व्हायचा, गेल्यावर घर आणि काम मिळेल असं सांगितलं जायचं. डोंगरी-मांडवीच्या चाळीत एका खोलीत आठ माणसं राहणाऱ्या कारकुनाला हे आकर्षक वाटणारच. श्रद्धा होती हे मान्य, पण श्रद्धा शेकडो वर्षं होतीच की. तिकीट मिळाल्यावर माणसं हलली.

आक्षी_नागाव

@ठाणेकर७२, तिकिटाने दार उघडलं हे खरं. पण मग भारतातल्या तिन्ही ज्यू समाजांनी सारखं वागायला हवं होतं, आणि ते तसं वागले नाहीत.

कोचीनचे मल्याळी ज्यू १९५४-५५ च्या सुमाराला जवळपास गावंच्या गावं उठून गेले. धर्माच्या पोथ्यांसकट गेले आणि तिकडे नेवातिम, मेसिलत झिऑन अशा शेतकरी वसाहतींत एकत्र राहिले. त्यांच्यात मागे राहणाऱ्यांचा प्रश्नच फारसा आला नाही. बगदादी ज्यू, म्हणजे ससून वगैरेंचा समाज, इंग्रजी बोलणारा आणि व्यापारातला. त्यांच्यातले कितीतरी लंडनला आणि ऑस्ट्रेलियात गेले. धर्म एकच, कायदा एकच, ज्यूंना इस्रायलमध्ये येऊन राहायचा हक्क देणारा १९५० चा परतीचा कायदा तिघांनाही लागू. तरी एक समाज एकगठ्ठा गेला, एक बराचसा दुसरीकडेच गेला, आणि आपले कोकणातले वीस-पंचवीस वर्षं थोडे थोडे गेले.

हे थोडं थोडं जाणं मला कळीचं वाटतं. तिकिटासाठीच जायचं असतं तर पहिल्या पाच वर्षांत सगळे गेले असते. लोक थांबले, वाट बघितली, भाऊ गेला, मेहुणा गेला, आणि मग निघाले. शिवाय १९५१-५२ मध्ये तर काही जण परत यायला निघाले होते! बेर्शेबाच्या बेने इस्रायलींनी तेल अवीवमध्ये एजन्सीच्या दारात धरणं धरलं होतं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. त्यांच्यातल्या काही जणांना १९५२ मध्ये खरंच परत पाठवलं. ती बातमी मुंबईत सगळ्यांना माहीत होती, तरी पुढची वीस वर्षं लोक जात राहिले.

मॉरिशसवारी

थोडं अवांतर. मॉरिशसचे मराठी लोक एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मजूर म्हणून गेले. बोटीत चढताना किती जणांना माहीत होतं की आपण कुठे चाललोय? 'का गेले' हा प्रश्न ज्याला निवड होती त्यालाच विचारता येतो. तुमच्या उदाहरणात निवड होती, म्हणून चर्चा करता येते.

अश्दोदची_माई

मी हे सगळं फोनवर वाचलं, नातीने अक्षरं मोठी करून दिली. मी मुंबईत जन्मले, भायखळ्याला. साठच्या दशकात लहानपणी आई-वडिलांबरोबर इकडे आले. आता अश्दोदला असते.

आक्षी_नागाव, तुम्ही तीन गट पाडलेत. आमच्या घरात तिन्ही कारणं एकाच चुलीवर होती. वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. ते म्हणायचे, देवाने बोलावलंय. मोठ्या भावाला मॅट्रिकनंतर नोकरी लागत नव्हती, त्याला इथे कारखान्यात काम मिळेल असं वाटत होतं. आई गेली ती आम्हा तीन बहिणींसाठी. तिच्या माहेरच्या गावात एकही घर उरलं नव्हतं आणि मुंबईतली चांगली मुलं निघून चालली होती. ती कुणाला हे बोलून दाखवत नसे. वडिलांनी सगळ्यांना देवाचं कारण सांगितलं आणि ते खोटं नव्हतं. पण निघायची तारीख आईने ठरवली.

आम्हाला डिमोनाला पाठवलं. वाळवंट. समुद्राकाठच्या माणसांना वाळवंट! बाबा वर्कशॉपमध्ये फिटर होते, इथे कापडाच्या गिरणीत लागले. भाषा येत नव्हती. आमच्या रंगावरून बोलणी खाल्ली, शाळेत आणि दुकानातही. हे मी लिहितेय कारण तिकडे लोकांना वाटतं की ज्यू ज्यूंच्या देशात गेले म्हणजे घरीच गेले.

आणि त्यातलं सगळ्यात दुखरं सांगते. १९६२ च्या सुरुवातीला इथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, कार्यालयाने सांगितलं, बेने इस्रायलींचं लग्न दुसऱ्या ज्यूंशी लावायचं असेल तर आधी त्यांच्या आई-आजीपासून मागे जाता येईल तितकी चौकशी करा, ते खरे ज्यू आहेत का बघा. विचार करा. कोकणात कोणी पाठीमागे नसताना शेकडो वर्षं शनिवार पाळला, सुंता केली, शेमाची प्रार्थना म्हटली. गावाने आम्हाला कधी विचारलं नाही तुम्ही कोण म्हणून, गावाला माहीतच होतं. आणि ज्यांच्यासाठी आलो त्यांनी दाखला मागितला. आई मुलींच्या लग्नासाठी आली होती आणि इथे लग्नाच्याच दारात अडवलं. ती किती दिवस जेवली नाही ते मला आठवतं.

मग आमचे लोक रस्त्यावर उतरले. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये मोठं आंदोलन झालं, बायका-मुलंही बसली होती. १७ ऑगस्ट १९६४ ला इथल्या संसदेने, क्नेसेटने, ठराव केला की बेने इस्रायली सर्व दृष्टींनी ज्यूच आहेत. त्यानंतर रब्बींना तो आदेश बदलावा लागला. माझ्या दोन्ही थोरल्या बहिणींची लग्नं त्यानंतर झाली.

@ठाणेकर७२, तिकिटाचं तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, बाबांनी एवढं भाडं कधीच भरलं नसतं. पण नुसतं तिकीटच असतं तर १९६२ ला आम्ही परत निघालो असतो. परत कुठे जाणार होतो? भायखळ्याची खोली दिलेली, ओळखीचे सगळे आमच्याच आगेमागे इकडे आलेले. जे परत गेले होते त्यांतलेही बरेच पुन्हा इकडे आले, त्याचं कारणही हेच असणार. परत जायला नुसता देश असून चालत नाही, माणसं लागतात.

ठाणेकर७२

माई, नमस्कार. तुमचं लिहिणं वाचून माझं म्हणणं थोडं बदलतो. तिकीट पहिल्या प्रवासाचं कारण ठरू शकतं, पण तिथे राहण्याचं नाही. आदेशाची ही हकिगत मला ठाऊक नव्हती. आईंचं वाचून गलबलून आलं.

एडिसनचा_नाना

आम्ही अमेरिकेत सत्तरच्या दशकात आलो, १९६५ च्या कायद्याने देशवार कोटा उठल्यावर. कोणी विचारलं तर मी शिक्षण आणि संधी असंच सांगतो. पण माईंनी जे आईबद्दल लिहिलं त्यावरून आठवलं. आमच्या इंजिनियरिंगच्या वर्गातले पहिले दोघे गेले ते हुशार म्हणून. नंतरचे आम्ही गेलो ते त्या दोघांची पत्रं येत होती म्हणून. विद्यापीठाचा पत्ता, कुठला फॉर्म, विमानतळावर घ्यायला कोण येईल, पहिले पंधरा दिवस कुणाच्या सोफ्यावर झोपायचं, हे सगळं त्या पत्रांत होतं. आमच्याहून हुशार मुलं शेजारच्या कॉलेजात होती, त्यांच्यातलं कोणी गेलं नाही, कारण त्यांना पत्र लिहिणारं कोणी नव्हतं. आक्षी_नागाव यांचं तिसरं कारण बेने इस्रायलींपुरतं नाही.

एक फरक मात्र मोठा आहे. आमच्या जाण्याने मागच्यांचं काही अडलं नाही. आम्ही गेलो म्हणून गावातल्या देवळाची आरती थांबली नाही. यांच्यात प्रत्येक जाणारा मागच्याला अडचणीत टाकून जात होता, आणि ते त्यालाही माहीत असणार. ते ओझं वेगळं.

रेवदंड्याचे_मास्तर

मी निवृत्त शिक्षक. राहिलेल्यांबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो.

सगळे गेले नाहीत. ठाण्यात आज बऱ्यापैकी वस्ती आहे, तिथलं शाआर हाशामाईम सिनेगॉग १८७९ चं आणि अजून नांदतं. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा इथली सिनेगॉग उभी आहेत. राज्य सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. काही गावांत दोन-तीन घरं आहेत. सणाला मुंबई-ठाण्याहून लोक गाडी करून येतात, तेव्हा दहा जण भरतात.

राहिले ते का राहिले, हेही बघा. मी ज्यांना ओळखतो त्यांच्यात तीन प्रकार दिसले. ज्यांची शेती, भातगिरणी किंवा बर्फाचा कारखाना असा पाय अडकलेला होता ते. ज्यांचे आई-वडील म्हातारे होते आणि हलायला तयार नव्हते ते. आणि ज्यांनी ठाणे-मुंबई गाठली ते. तिसऱ्यांचं मला विशेष वाटतं. मिन्यान तुटली म्हणून गाव सोडायचं तर इस्रायलच कशाला, ठाणं चालत होतं. गावातून उठायचं कारण एकच, पण कुणी पन्नास कोसांवर थांबला आणि कुणी समुद्रापलीकडे गेला. म्हणून मी आक्षी_नागाव यांना म्हणेन, तुमचं तिसरं कारण गाव सोडण्याचं पक्कं कारण आहे, देश सोडण्याचं अर्धंच. उरलेल्या अर्ध्यासाठी श्रद्धा धरावीच लागेल.

सणांची त्यांची मराठी नावं इथे नोंदवून ठेवतो, नव्या पिढीला माहीत नसतात. रोश हाशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफळणीचा सण, पुरिम म्हणजे होळीचा सण. दारफळणीला दिवसभर घराची दारं बंद. आमच्या लहानपणी त्या दिवशी आळीतून आरडाओरडा करत जायचं नाही, अशी आम्हाला वडिलांची ताकीद असे.

आक्षी_नागाव

मास्तर, हे मान्य करावंच लागेल. ठाण्याचा विचार मी पुरेसा केला नव्हता. आता असं म्हणतो: माणसं निघून गेल्याने निघण्याची वेळ ठरली, आणि कुठे जायचं ते श्रद्धेने, नोकरीने, पुढे गेलेल्या भावाच्या पत्राने ठरवलं. माईंच्या घरात हे सगळं एकत्र होतं.

माई, तिकडे अजून मलिदा होतो का? आणि पुढच्या पिढीचं मराठी?

अश्दोदची_माई

होतो तर! नवस फेडायचा असो, लग्नाआधी असो, नवीन घर असो, एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन मलिदा होतो. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, आणि ताटात फळं लावायची. पूर्वी मुंबईहून कोणी येणार असलं की पोहे आणि आमसुलं सांगायचो, आता डिमोनाला आणि अश्दोदला दुकानातच मिळतात. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूधच, कारण मांसाबरोबर गाईचं दूध आम्हाला चालत नाही. बाकीच्या ज्यूंना जे जुळवून घ्यावं लागतं ते कोकणाने आम्हाला आयतं दिलं.

मराठीचं म्हणाल तर मुलांना समजतं, नातवंडांना शब्द तेवढे. इथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघतं, महाराष्ट्र दिन होतो, क्रिकेटही आमच्याच लोकांनी चालू ठेवलंय. पण माझ्या नातीला मराठी शिकायला कारण काय? माझ्याशी बोलणं हेच. ती आता कॅनडाला जायचं म्हणतेय. तिची मैत्रीण आधीच गेलीय.

पेणचे_पोहे

माई, तिला सांगणार काय?

अश्दोदची_माई

जा म्हणाले. आईने तारीख ठरवली तेव्हा तिलाही कोणी अडवलं नव्हतं. फक्त तिला म्हटलं, तिथे आपली माणसं किती आहेत ते आधी विचार, आणि शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या घरी जाशील ते ठरवून जा.

आक्षी_नागाव

एक विनंती. रायगड जिल्ह्यातल्या ज्यांच्या गावात पूर्वी बेने इस्रायली घरं होती त्यांनी गावाचं नाव, साधारण किती घरं होती आणि शेवटचं घर अंदाजे कोणत्या दशकात गेलं, एवढं इथे लिहा. कुटुंबांची नावं नकोत. गाववार यादी झाली तर मिन्यान तुटणं आणि गाव रिकामं होणं यात किती अंतर होतं ते कळेल, आणि माझं म्हणणं कुठे चुकतं तेही. सिनेगॉग बघायला जाणार असाल तर आधी देखभाल करणाऱ्यांना विचारा, शनिवारी फोटो काढू नका.

रेवदंड्याचे_मास्तर

माझ्याकडून सुरुवात. रेवदंडा आणि चौल मिळून लिहितो, रविवारी दोन जुन्या माणसांना विचारून आकडे देतो. आठवणीवर भरवसा ठेवून लिहायला नको.